पेटंट म्हणजे सत्याचा दाखला नव्हे : अशक्य यंत्रांचा खरा इतिहास

धागा १/२५
शोधण्यासारखे सारे शोधून झाले आहे, तेव्हा पेटंट कार्यालयाला आता टाळे लावावे, असे १८९९ साली अमेरिकेचे पेटंट आयुक्त चार्ल्स ड्यूएल म्हणाले होते, ही कथा आपण सर्वांनी कधी ना कधी वाचली आहे. मोठ्या खुर्चीवरील माणसे किती कोत्या बुद्धीची असतात, याचा तो हुकमी दाखला मानला जातो. भाषणांत तो येतो, प्रेरणादायी पुस्तकांत येतो आणि दर महिन्याला कोणाच्या तरी भिंतीवर नव्याने झळकतो. अडचण एवढीच की ड्यूएल असे म्हणाल्याचा कोणताही पुरावा नाही.

२/२५
१९४० साली एबर जेफरी या अभ्यासकाने या कथेचा माग काढला. त्याला पुरावा सापडला नाहीच. उलट ड्यूएल यांच्या १८९९ च्या अहवालात शोधांना उत्तेजन द्यावे, राष्ट्राची प्रगती त्यावरच अवलंबून आहे, असाच सूर आढळला. त्यांच्या पूर्वीचे एक आयुक्त हेन्री एल्सवर्थ यांनी १८४३ च्या अहवालात कलाकौशल्याची झेप पाहून थक्क झाल्याचे एक आलंकारिक वाक्य लिहिले होते. दंतकथेचे बीज बहुधा तेथे असावे. कौतुकाचे वाक्य कोतेपणाचे म्हणून शंभर वर्षे मिरवले गेले, आणि ज्याने ते लिहिलेच नाही त्याच्या नावावर.

३/२५
मित्रहो, ही निरुपद्रवी चूक असती तर तिच्यासाठी धागा लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु या पायावर एक मोठी इमारत उभी केली जाते. चुंबकावर अखंड चालणारे जनित्र, पाण्यावर धावणारी मोटार, इंधनाविना वीज देणारी पेटी यांपैकी काहीतरी एका गरीब संशोधकाने बनवले आणि पेटंट कार्यालयाने ते दडपले, असे सांगितले जाते. त्याच लेखात चार ओळींनंतर असेही सांगितले जाते की अमुक यंत्राला पेटंट मिळालेले आहे, म्हणजे ते खरे असलेच पाहिजे.

४/२५
या दोन विधानांची एकत्र नांदणूक कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. पेटंट नाकारले तर तो कटाचा पुरावा, आणि दिले तर तो सत्याचा पुरावा! निकाल कोणताही लागो, यंत्र मात्र खरेच ठरते. ज्या दाव्याला कोणताही निकाल खोटा ठरवू शकत नाही, त्याला इतिहास म्हणता येत नाही. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. अशक्य यंत्रांच्या बाबतीत पेटंट कार्यालयांचा दोष कठोरपणाचा नसून ढिलाईचा आहे, आणि त्या ढिलाईची किंमत दर वेळी सामान्य माणसाने मोजली आहे.

५/२५
प्रथम पेटंट म्हणजे काय, ते स्पष्ट करू. पेटंट, अर्थात एकस्व, हा राज्यसंस्था आणि संशोधक यांच्यातील सौदा आहे. संशोधकाने आपली युक्ती जगासमोर उघड करायची. मोबदल्यात ठराविक काळ, आज बहुतेक देशांत २० वर्षे, इतरांना तिचा वापर करण्यापासून रोखण्याचा हक्क त्याला मिळतो. हा मालमत्तेचा दस्तऐवज आहे. घराच्या खरेदीखतावर नोंदणीचा शिक्का आहे, म्हणून घर गळत नाही असे सिद्ध होत नाही. तद्वतच पेटंटाच्या क्रमांकावरून यंत्र चालते, असे सिद्ध होत नाही.

६/२५
आता इतिहासाकडे वळू, आणि आरंभ घरापासूनच करू. कारण या वादात आपल्या भास्कराचार्यांनाही ओढले जाते. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने आणि ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणि’त अशा चाकाचे वर्णन केले आहे की ज्याचे आरे पोकळ असून पाऱ्याने अर्धे भरलेले आहेत. एकदा गती दिली की हे चाक आपोआप फिरत राहते, अशी कल्पना. म्हणून त्याचे नाव ‘स्वयंवह’ यंत्र. युरोपात अशा चाकाचे चित्र तेराव्या शतकात व्हिलार द ओनकूर याच्या वहीत दिसते, म्हणजे ही कल्पना आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीची आहे.

७/२५
हे चाक का चालत नाही? तर्क असा होता की एका बाजूचा पारा परिघाकडे सरकतो आणि दुसऱ्या बाजूचा आसाकडे. दूरच्या पाऱ्याचा जोर अधिक, म्हणून चाक त्या बाजूला ओढले जाईल. पण हिशेब पुरा केला की लक्षात येते : ज्या बाजूस पारा आसाजवळ आहे, त्या बाजूस एका वेळी भरलेले आरे अधिक असतात. दूर पण थोडे, आणि जवळ पण पुष्कळ. दोन्ही बाजूंचा फिरवण्याचा जोर सारखा होतो, चाक थोडे हेलकावते आणि थांबते.

८/२५
यावरून भास्कराचार्यांची टिंगल करणे हा अडाणीपणा ठरेल. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ यांच्या कार्यातून १८४० च्या दशकात आकाराला आला; तो त्यांना ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. ज्या पुरुषाचे थोरपण गणितात आहे, त्याच्या नावाने चुंबकी जनित्रे विकणे हा त्या शिलालेखाचा अपमान आहे.

९/२५
‘अशक्य’ हा शब्द विज्ञानाने अहंकाराने उच्चारलेला नाही, हेही लक्षात घ्या. १५८६ साली सायमन स्टेव्हिन याने उतरणीवर गोळ्यांची माळ टाकलेली कल्पिली. माळ आपोआप अखंड फिरणार नाही, हे गृहीत धरून त्याने उतरणीवरील बलांचा नियम काढला. १८२४ साली सादी कार्नो याने अशीच गती अशक्य मानून उष्णतायंत्रांची मर्यादा सिद्ध केली. स्वयंवह यंत्र होत नाही या एका नकारातून बलशास्त्र आणि उष्मागतिशास्त्र यांची कवाडे उघडली. नकार येथे ज्ञानाचे साधन झाला.

१०/२५
कोणत्याही संस्थेने केलेला सर्वांत प्रसिद्ध नकार १७७५ सालचा, पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा. वर्तुळाचे चौरसीकरण, कोनाचे त्रिभाजन, घनाचे द्विगुणन यांच्या उत्तरांची आणि शाश्वत गतीच्या कोणत्याही यंत्राची तपासणी यापुढे केली जाणार नाही, असे तिने जाहीर केले. गर्विष्ठ पंडितांनी दार लावून घेतले, असे याचे वर्णन केले जाते. तसे वर्णन करणाऱ्यांनी अकादमीने दिलेली कारणे बहुधा वाचलेली नसतात.

११/२५
अकादमीने प्रथम तत्त्व सांगितले : घर्षण आणि हवेचा अडथळा यांत खर्च झालेली गती आपोआप भरून येत नाही. मग तिने परिणाम सांगितला. या ध्यासाने अनेक कुटुंबे धुळीला मिळाली आहेत. समाजाची उत्तम सेवा करू शकले असते अशा कुशल कारागिरांनी आपली पुंजी, आयुष्य आणि बुद्धी यापायी उधळली आहे. दरबारी बक्षिसाच्या आशेने कारागीर पॅरिसला येत, आणि तपासणीची आशा जिवंत आहे तोवर घर विकत राहात. दार लावण्यामागे हे कारण होते. त्या नकारात मला पांडित्यापेक्षा करुणा अधिक दिसते.

१२/२५
जेथे असे दार लावले गेले नाही तेथे काय घडले, ते पाहा. १८१२ साली फिलाडेल्फियात चार्ल्स रेडहेफर याने आपोआप चालणारे यंत्र मांडले आणि ते पाहण्यासाठी तिकीट लावले. शहराच्या तपासनिसांनी दातेरी चाकांची झीज पाहिली, तर ती उलट्या बाजूस झालेली! जे चाक यंत्राकडून चालवले जाते असे सांगितले जात होते, तेच यंत्राला चालवत होते. आयझाया ल्यूकन्स या कारागिराने लपवलेल्या चावीवर चालणारी हुबेहूब प्रतिकृती बनवून रेडहेफरलाच दाखवली.

१३/२५
रेडहेफर न्यूयॉर्कला गेला. तेथे १८१३ साली आगबोटीचे जनक रॉबर्ट फुल्टन यंत्र पाहायला आले. यंत्राची लय कान देऊन ऐकताच त्यांनी ओळखले की हे हाताने फिरवले जात आहे. शेजारच्या फळ्या उचकटल्या, तर भिंतीतून गेलेली तातीची दोरी निघाली. तिचा माग माळ्यापर्यंत गेला. माळ्यावर एक म्हातारा बसून दांडा फिरवत होता. खाली लोक पैसे देऊन ‘शाश्वत गती’ पाहात होते आणि वर एक गरीब माणूस ती आपल्या मनगटाने पुरवत होता.

१४/२५
आता मुख्य मुद्दा. १८१३ साली उघडा पडलेल्या याच रेडहेफरला १८२० साली अमेरिकेचे पेटंट मिळाले, तेही शक्ती मिळवण्याच्या यंत्रसामग्रीसाठी! हे कसे झाले? १७९३ च्या कायद्याने तेथे परीक्षणच रद्द केले होते. अर्ज द्या, शुल्क भरा, पेटंट घ्या. कार्यालय म्हणजे केवळ नोंदवही होती. ते कागदपत्र १८३६ च्या डिसेंबरात कार्यालयाला लागलेल्या आगीत गेले. पण धडा जळाला नाही : जेथे कोणी तपासत नाही, तेथे भोंदूलाही सरकारी शिक्का मिळतो.

१५/२५
ब्रिटनची गोष्ट वेगळी नव्हती. तेथे १८५२ साली पेटंट कार्यालय स्थापन झाले, पण शोध खरोखर नवा आहे की नाही, याचा शोध परीक्षक घेऊ लागले ते १९०५ पासून. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील कोणतेही ब्रिटिश पेटंट दाखवून ‘त्या काळी सरकारने हे मान्य केले होते’ असे म्हणणे निरर्थक आहे. १८६१ साली हेन्री डर्क्स याने शाश्वत गतीच्या प्रयत्नांचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पेटंटांची रांगच्या रांग आहे. चाललेले यंत्र मात्र त्यात एकही नाही.

१६/२५
अमेरिकेने १८३६ साली परीक्षणाची पद्धत पुन्हा आणली. अर्जासोबत लहानशी प्रतिकृती देण्याची अट १८८० पर्यंत सर्वसाधारणपणे चालली. पुढे प्रतिकृतींच्या ढिगाऱ्यामुळे ती सुटली. परंतु तेथील परीक्षकांच्या मार्गदर्शिकेत एक अपवाद आजही जिवंत आहे : यंत्र चालते हे दाखवण्यासाठी सहसा प्रतिकृती मागू नये, शाश्वत गतीची प्रकरणे वगळून. हा पूर्वग्रह आहे का? मुळीच नाही. यात कोणाला हाकलून दिलेले नाही. ‘चालते म्हणता ना, मग चालवून दाखवा,’ एवढेच त्यात म्हटले आहे. याहून न्याय्य मागणी मला सुचत नाही.

१७/२५
ही मागणी कसोटीला लागली ती जोसेफ न्यूमन यांच्या प्रकरणात. मिसिसिपीच्या या संशोधकाने १९७९ साली अर्ज केला; दिलेल्या ऊर्जेपेक्षा अधिक ऊर्जा यंत्र देते, असे त्यांचे म्हणणे होते. कार्यालयाने नकार दिला, ते न्यायालयात गेले. न्यायालयाने नेमलेला तज्ज्ञ, जो स्वतः माजी पेटंट आयुक्त होता, प्रथम न्यूमन यांच्याच बाजूने झुकला! व्यवस्था आंधळेपणाने विरोध करते असे म्हणणाऱ्यांनी हा तपशील विसरू नये. न्यायाधीशांनी मात्र ठरवले : यंत्र राष्ट्रीय मानक संस्थेकडे द्या, मोजमाप होऊ द्या.

१८/२५
१९८६ साली मोजमाप झाले. प्रत्येक चाचणीत बाहेर पडणारी ऊर्जा आत दिलेल्या ऊर्जेपेक्षा कमीच भरली. यंत्राची जोडणी जमिनीशी केली म्हणून निकाल बिघडला, असा आक्षेप न्यूमन यांनी घेतला. १९८९ साली अपील न्यायालयाने तो ऐकून घेतला आणि नकार कायम ठेवला. अर्जापासून निकालापर्यंत दहा वर्षे, एक तज्ज्ञ, दोन न्यायालये आणि एक राष्ट्रीय प्रयोगशाळा. ज्याला ‘दडपणे’ म्हणतात, त्याचे हे स्वरूप! सामान्य संशोधकाला इतकी दाद क्वचितच मिळते.

१९/२५
तरीही अशक्य गोष्टींना पेटंटे मिळतात, ही वस्तुस्थिती आहे. अमेरिकेने १९७९ साली केवळ कायम चुंबकांवर चालणाऱ्या मोटारीला, २००२ साली ‘गतिहीन विद्युतचुंबकीय जनित्रा’ला आणि २००५ साली पोकळीच्या दाबावर चालणाऱ्या अवकाशयानाला पेटंट दिले. परीक्षकाजवळ प्रयोगशाळा नसते. समोर कागद असतो आणि वेळ मोजका. चतुर अर्जदार ‘शाश्वत गती’ हा शब्दच टाळतो. चुंबकांची रचना, वेटोळ्यांची मांडणी यांवर हक्क सांगतो. जाळ्याची भोके मोठी असली की मासा निसटतो. त्यावरून मासा उडतो, हे सिद्ध होत नाही.

२०/२५
ही चूक कोणाला भोवते? स्टॅन्ली मायर यांचे नाव आपल्याकडील ‘पाण्यावर चालणारी गाडी’ या संदेशांत नेहमी येते. पाण्यापासून इंधनवायू काढण्याच्या पद्धतीचे अमेरिकन पेटंट त्यांना १९९० साली मिळाले होते. संदेशांत तो क्रमांक ठळकपणे छापलेला असतो. त्यांत हे छापलेले नसते की १९९६ साली ओहायोतील न्यायालयाने, तज्ज्ञांनी यंत्र तपासल्यानंतर, हा घोर फसवणुकीचा प्रकार ठरवला आणि दोन गुंतवणूकदारांचे पैसे परत करण्याचा आदेश दिला. पेटंटाचा कागद खरा होता, आणि त्याच्यामागचे यंत्र मात्र न्यायालयात उभे राहू शकले नाही.

२१/२५
ब्रिटिश रेल्वेच्या उडत्या तबकडीची गोष्ट याहून मनोरंजक. १९७० साली अर्ज, १९७३ साली मंजूर पेटंट : लेसरने पेटवलेल्या अणुसंमीलनावर चालणारे अवकाशयान, मालक ब्रिटिश रेल्वे मंडळ! या पेटंटाला कोणी दडपले नाही. १९७६ साली नूतनीकरणाचे शुल्कच कोणी भरले नाही, म्हणून ते संपले. ही कसोटी ध्यानात ठेवा. जे यंत्र जग बदलणार असते, त्याचे वार्षिक शुल्क भरायला मालक विसरत नाही.

२२/२५
आता विरोधकांचे सर्वांत बळकट दोन मुद्दे. पहिला : राइट बंधूंनाही नाकारले होते. होय, मार्च १९०३ मध्ये स्वतः लिहिलेला त्यांचा अर्ज फेटाळला गेला. १९०४ साली त्यांनी हॅरी टूलमिन हा जाणकार वकील गाठला, अर्ज नीट मांडला आणि मे १९०६ मध्ये पेटंट मिळाले. मधल्या काळात त्यांनी एक गोष्ट केली, जी स्वयंवह यंत्रवाले कधी करत नाहीत : ते उडाले. पक्षी उडतात हे सर्व जगाला ठाऊक होते. उड्डाण अवघड होते, निसर्गनियमाविरुद्ध नव्हते. अवघड आणि अशक्य यांतील सीमारेषा पुसणे, हाच या साऱ्या प्रचाराचा धंदा आहे.

२३/२५
दुसरा मुद्दा : सरकारे शोध गुप्त ठेवतात. खरेच ठेवतात. अमेरिकेत १९५१ च्या कायद्याखाली हजारो अर्जांवर गुप्ततेचे आदेश आहेत. भारतीय कायद्याचे कलम ३५ संरक्षणविषयक शोधांना हेच बंधन घालते. पण येथे दोन गोष्टींची गल्लत होते. गुप्ततेचा आदेश संरक्षणाच्या दृष्टीने नाजूक शोधांवर येतो. शाश्वत गतीच्या अर्जाला मिळतो तो साधा नकार, आणि नकार म्हणजे बंदी नव्हे. पेटंट नसताना यंत्र बनवायला, चालवायला, त्याची वीज विकायला त्या नकाराची आडकाठी होत नाही. उलट पेटंट नाकारले तर ती युक्ती साऱ्या जगाला मोकळी होते. मग गावोगाव ती यंत्रे का फिरत नाहीत?

२४/२५
आपल्या देशात या इतिहासाचा आरंभ ३ मार्च १८५६ रोजी झाला. कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग याने पंखा ओढण्याच्या कार्यक्षम यंत्रासाठी भारतातील पहिला अर्ज केला. शक्ती कोठून येते हे लपवणारा रेडहेफर, आणि शक्ती कशी वाचवावी याचा विचार करणारा डीपेनिंग! आजचा आपला १९७० चा कायदा कलम ३(अ) मध्ये स्पष्ट सांगतो की सुस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा करणारी गोष्ट ‘शोध’च नव्हे. कलम १०(३) नुसार नियंत्रक प्रतिकृतीही मागू शकतो. कायदा चांगला आहे. फसगत होते ती आपल्या वाचनात. साधारण १८ महिन्यांनी प्रत्येक अर्ज राजपत्रिकेत प्रसिद्ध होतो. ती केवळ प्रसिद्धी असते. परीक्षण आणि मंजुरी पुढची गोष्ट. पण ‘भारत सरकारने प्रसिद्ध केलेले पेटंट’ अशा शब्दांत तीच प्रसिद्धी गुंतवणूकदारांपुढे नाचवली जाते.

२५/२५
म्हणून माझी मागणी दुहेरी आहे. पेटंट कार्यालयांनी अधिक कठोर व्हावे : ऊर्जा फुकट मिळते असे सुचवणाऱ्या प्रत्येक अर्जाला, शब्द कितीही चतुर असोत, चालते यंत्र मागावे, आणि नकाराची कारणे सामान्य माणसाला कळतील अशा भाषेत प्रसिद्ध करावीत. आणि आपण, इतिहासावर प्रेम करणाऱ्यांनी, क्रमांक पाहून माना डोलावणे सोडावे. अर्ज केवळ प्रसिद्ध झाला की मंजूर झाला? मोजमाप कोणी केले? शुल्क अजून भरले जाते का? हे तीन प्रश्न विचारल्यावाचून असा एकही संदेश पुढे पाठवू नका; कारण तो वाचून भविष्यनिर्वाह निधी काढणारा माणूस कदाचित आपल्याच नात्यातला असेल. पॅरिसच्या अकादमीला १७७५ साली जे दिसले होते, ते आपल्याला आज दिसू नये, याला कोणतेही निमित्त पुरणार नाही. धागा समाप्त. ड्यूएल यांचे ते वाक्य पुन्हा कोठे दिसले, तर हा धागा त्याखाली अवश्य जोडावा.